तुझी सहावी संधी

मंगळवार, अठ्ठावीस नोव्हेंबर एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, सकाळचे साडेनऊ. दोन सायकली स्टँडवर लावायचे वीस पैसे झाले, ते मी दिले. हजर तिघे: तू, मी आणि स्टँडवाला. आपल्या दोघांचे चेहरे बघून त्यानं घाबरत विचारलं, "कोन गेलं जी?" तू म्हणालास, "अजून त कोनी नाही गेलं. एक वाजता पाहू."

वामन, तुझी बाकीची माहिती साहेबांनी शोकसभेत वाचून दाखवली. गाव उमरेड, वडील विणकर, नोकरी बावीस वर्षं. नोकरी खरं तर एकवीस वर्षं आणि सात महिने झाली होती. मी उठून तसं सांगितलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तू असतास तर "बस ना बे मध्या" म्हणून माझा सदरा खाली ओढला असतास. कोणी ओढलं नाही, म्हणून मी बराच वेळ उभाच राहिलो.

मला इथे आपल्या भीतीबद्दल लिहायचं आहे. ते शोकसभेत कोणी बोलणार नव्हतं.

आपलं ऑफिस सरकारी हिशेब तपासणारं. तिथे कारकून म्हणून लागलेल्या माणसाला वर जायला एकच जिना, खात्याची परीक्षा. पास झाला तर अधिकारी, नाही तर त्याच टेबलावरून निवृत्ती. संधी सहा. सहाव्यांदा नापास झाला तो 'बाद'. हा शब्द कुठल्या नियमात नव्हता, पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होता.

रेकॉर्ड रूममधले देवरावजी असे बाद झालेले. उंच, वाकलेले, कोटाच्या खिशात सुतळीचा गुंडा. एरवी त्यांच्याशी सगळे नीट बोलत. पण परीक्षेच्या सकाळी बाद माणसाचं तोंड दिसू नये, अशी आपल्या ऑफिसात रीत पडली होती. परीक्षा आपल्याच इमारतीतल्या वरच्या हॉलमध्ये व्हायची आणि उमेदवार पुढच्या फाटकानं यायचे. म्हणून त्या दिवसांत देवरावजी मागच्या फाटकानं येत आणि हॉलची घंटा होईपर्यंत तिथल्या कडुनिंबाखाली बसून राहत. त्यांना तसं कोणी सांगितलं नव्हतं. आठवडाभर दुसऱ्याच्या आकड्याला आकडा लावून बघणारी आपण माणसं, पण ही गोष्ट कोणी तपासायला गेलं नाही. बासष्ट साली आपण पहिल्यांदा बसलो, तेव्हा फाटकातून जाताना तू मला हसलास, कारण मी मान खाली घातली होती. मी तिरक्या नजरेनं बघितलं तर तुझी हनुवटीही छातीला टेकलेली.

त्या वर्षी हॉलमध्ये जाण्याआधी तू भिंतीआड जाऊन ओकलास. कमलवहिनींनी दिलेला डबा संध्याकाळी जसाच्या तसा घरी गेला. पुढच्या वर्षी मी पास झालो आणि तू राहिलास. माझी भीती तिथे संपायला हवी होती. ती संपली नाही, तिनं फक्त माणूस बदलला. दर नोव्हेंबरात तू परीक्षेला बसायचास आणि पोट माझं बिघडायचं. आमच्या घरात ही म्हणायचीही, "परीक्षा वामनभाऊजींची आहे की तुमची?"

तुझ्या पाचव्या वेळची गोष्ट आठवून आपण नंतर पुष्कळ हसलो. त्या दिवशी कोणी हसलं नव्हतं. एका पेपरला नियमांची पुस्तकं सोबत नेता यायची. नियम सारखे बदलत, बदलाच्या छापील चिठ्ठ्या येत आणि त्या ज्यानं त्यानं आपल्या पुस्तकात जागच्या जागी चिकटवायच्या. तुझ्या वर्षभराच्या चिठ्ठ्या राहिल्या होत्या. आदल्या दिवशी तू उमरेडला वडिलांकडे होतास. घरात डिंक नव्हता, पण मागाच्या ताण्याला लावायची खळ भांडंभर होती. विणकराच्या पोराला दुसरं काय सुचणार? तू सगळ्या चिठ्ठ्या खळीनं चिकटवल्यास, पुस्तकं धोतराच्या फडक्यात घट्ट बांधलीस आणि पहाटेच्या गाडीनं आलास. हॉलमध्ये फडकं सोडलं तर तिन्ही पुस्तकांच्या विटा झालेल्या. नखानं पानं सोडवता सोडवता नेमका प्रवासभत्त्याचा नियम मधोमध फाटला. अर्धा इकडच्या पानाला, अर्धा तिकडच्या.

"बाबाची खळ हाय गा ती," बाहेर आल्यावर तू म्हणाला होतास. "बारा हातांचं लुगडं धुतलं तरी नाही निघत. पान कशी सोडन?"

तू हे बोललास तेव्हा तुझ्या नखांत अजून खळीचे पापुद्रे होते. तू हात खिशात घातलेस. त्यानंतर अकरा वर्षं तू परीक्षेला बसला नाहीस.

दरवर्षी अर्ज भरायचास आणि दरवर्षी मुदतीच्या आत मागे घ्यायचास. सीताबर्डीच्या त्या चहाच्या दुकानात यावरून आपलं किती वेळा वाजलं. मी म्हणायचो, न वापरलेली संधी म्हणजे न वटवलेला चेक, पेटीत ठेवून काय उपयोग? तू बशीतला चहा फुंकत राहायचास.

"शून्य आन् एक यात फरक असते का नाही? तू अधिकारी हायेस, सांग."

"एक वापरलास तर अधिकारी होशील."

"आन् नाही झालो त?"

"नाही तर नाही. आहेस तिथे राहशील."

"नाही ना गा. आता मी पाच वेळा नापास झालेला मानूस हावो. मंग मी बाद होईन. ते दोन वेगळे मानसं हायेत. तुले काहून समजत नाही?"

मला समजत होतं. पण मी मानत नव्हतो, आणि अजूनही पूर्ण मानत नाही. हा वाद तू अर्धाच टाकून गेलास. मी नवीन मुद्दे काढून ठेवले होते.

मग गेल्या जुलैत परिपत्रक आलं की पुढच्या वर्षापासून पंचेचाळीस वर्षं पुरी झालेल्यांना परीक्षेला बसता येणार नाही. तुला मे महिन्यात पंचेचाळीस पुरी होत होती. म्हणजे नोव्हेंबर हा शेवटचा, नाही तर पेटीतला चेक आपोआप कागद होणार. वादात मी जिंकलो होतो. पण ते परिपत्रक मी तुझ्या टेबलावर पालथं ठेवलं. तू ते दोनदा वाचलंस, खालच्या सहीची तारीख बघितलीस आणि म्हणालास, "बराबर हाय. याच्यात काही आक्षेप काढता येत नाही."

होती नव्हती ती सगळी रजा तू अभ्यासाला लावलीस. मी संध्याकाळी तुझ्या इतवारीतल्या खोलीवर यायचो. खाली भांड्यांच्या दुकानांची ठोकाठोक, वर तू कानात बोटं घालून नियम म्हणतोयस, आणि कमलवहिनी आवाज न करता भाकरी थापतायत. तुला सगळं येत होतं. कलम सांगितलं की तू पोटकलम सांगायचास. आणि तरी पुस्तक मिटलं की तुझ्या कपाळावर घाम यायचा, थंडीच्या दिवसांत.

तुझी अट एकच होती. "मले जिन्यापर्यंत सोडून दे, एक वाजता घ्याले ये, आन् पेपर कसा गेला ते निकाल लागेपर्यंत इचारू नको."

मी चारही दिवस ती पाळली.

पहिल्या दिवशी जिन्याच्या पायाशी मी तुझा हात हातात घेतला. थंडगार होता. तू गर्दीत मिसळलास आणि मी माझ्या मजल्यावर गेलो. त्या सकाळी एक साधी बेरीज मी चार वेळा केली आणि चार उत्तरं आली. एक वाजता तू गर्दीबरोबरच बाहेर आलास. दुसऱ्या दिवशी तुझ्या सदऱ्याला धूळ लागलेली होती. हॉलमधली बाकं पुसली नसतील असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी तू स्टँडवाल्याशी थट्टा केलीस. चौथ्या दिवशी तू संत्री विकत घेतलीस, एक सोललंस आणि अर्धं मला दिलंस. तू शीळ घालत होतास! ते ऐकून माझा जीव अजूनच खाली गेला. कारण ज्या पेपरनंतर तू खूश असायचास, त्याच पेपरात तू आजवर गेलेला होतास. मी संत्रं खाल्लं. काही विचारलं नाही. तू म्हणालास, "मध्या, तू लय भेतो बे." मी म्हणालो, "तुझ्यापेक्षा कमीच." तू हसून सायकलवर टांग टाकलीस.

एकोणीस जानेवारीला छातीत कळ येऊन तू गेलास. घाटावर लाकडं रचली जात होती, तेव्हाही माझ्या डोक्यात निकाल होता. तू पास झाला असशील तर ते कोणाला सांगायचं, आणि नापास झाला असशील तर मेल्यानंतर बाद झालेला माणूस कोणी बघितला आहे का, हे मला कळत नव्हतं.

फेब्रुवारीत निकाल लागला. फलकापाशी गर्दी होती आणि मला बघून ती बाजूला झाली. त्या रिकाम्या वाटेनं मी पुढे गेलो. पास झालेल्यांत तुझा क्रमांक नव्हता. मी आत परीक्षा विभागात जाऊन गुणांचा तक्ता बघितला. तुझ्या क्रमांकापुढे चार चौकोन, आणि चारही चौकोनांत गैरहजर.

मी म्हणालो, "चूक आहे. मी स्वतः त्याला सोडलंय." तिथल्या कारकुनानं हॉलची हजेरी काढून दाखवली. चार दिवसांत एकही सही नाही. मी खुर्चीत बसलो. खरं सांगतो वामन, मला त्या क्षणी तुझी भीती वाटली. जिन्यापाशी रोज कोणाचा हात धरला होता मी? आणि एक वाजता कोण येत होतं माझ्याबरोबर?

संध्याकाळी सगळे गेल्यावर देवरावजी माझ्या टेबलाशी आले. कोटाची बटणं लावली.

"साहेब, तो माह्यापाशी होता."

"कोण?"

"वामन. चारही दिवस. रेकॉर्ड रूममंदी."

मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. उभ्यानंच सांगितलं. पहिल्या सकाळी ते कडुनिंबाखाली बसले होते. तू बाजूच्या बोळातून आलास आणि थेट त्यांच्यासमोर उभा राहिलास. "मी तोंड फिरवलं साहेब. म्हनलं, वामन, इकडे काहून आला? माह्याकडे पाहू नको, घंटा व्हाची हाय. त तो म्हने, पाहून घेतलं देवरावजी, आता काय व्हाचं ते होऊ द्या. घंटा झाली. म्या म्हनलं, पळ. तो माह्या बाजूले बसला."

"काही बोलला?"

"नाही. थरथर कापून राहिला होता. मंग आम्ही आत गेलो. तासाभरानं म्हने, काही काम सांगा. म्या सांगितलं, ते फाळणीच्या टायमाचे गठ्ठे लावून दे, सालवारीनं. चार दिवसांत तीन रॅक लावले त्यानं साहेब. वर चढून. दुसऱ्या दिवसापासून त गानं म्हनून राहिला होता."

"मला का नाही सांगितलं त्यानं?"

देवरावजींनी थोडा विचार केला. "म्हने, मधुकर भेतो. त्याले निकालापर्यंत आस राहू द्या."

सगळ्या पेपरांना गैरहजर राहिलं तर संधी मोजली जात नाही, हा नियम ऑफिसात तुझ्याइतका कोणाला पाठ होता? मेपर्यंत ती तुझीच होती. तू पाच वेळा नापास झालेला माणूस म्हणूनच गेलास.

मला राग आला होता. देवरावजी गेल्यावर मी तुला मोठ्यानं शिव्या दिल्या, रिकाम्या ऑफिसात. आणि मग मला सुटल्यासारखं वाटलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

पण कमलवहिनींना सांगायचं होतं. त्यांनी त्या चारही दिवशी उपास धरला होता. इतवारीतल्या त्या जिन्याशी मी तीनदा उभा राहून परत फिरलो. शेवटी वर गेलो आणि जसं घडलं तसं सांगितलं, काही गाळलं नाही. त्या तवा पुसत होत्या. पुसतच राहिल्या.

"म्हनजे पेपरले बसलेच नाही?"

"नाही वहिनी."

"मले वाटलंच होतं काहीतरी," त्या म्हणाल्या. "पहिल्या पाचही वेळी डबा भरलेला वापस यायचा भाऊजी. या टायमाले चारही दिवस रिकामा. म्या मनात म्हनलं, पेपर लय सोपे दिसतात बाप्पा." त्यांनी पदर तोंडाला लावला. हसतायत की रडतायत हे मला ओळखता आलं नाही आणि मी बघायचं टाळलं. "जाऊ द्या. चार दिवस पोटभर जेवले ना?"

एक गोष्ट उरली होती आणि ती मलाच सांगावी लागली. परीक्षेचे दिवस कामावर धरले जातात. तू परीक्षेला नव्हतास, म्हणजे त्या चार दिवसांचा पगार चुकीनं दिला गेला होता. रजा तुझी शिल्लक नव्हती. नोव्हेंबरचे तीन दिवस आणि डिसेंबरचा एक, मिळून पंच्याण्णव रुपये तेवीस पैसे. दुसऱ्या कोणाच्या ते लक्षात आलं नसतं. पण दुसऱ्याच्या कागदावर हे दिसलं असतं तर तू आक्षेप काढला असतास की नाही? कमलवहिनी लगेच म्हणाल्या, "कापून घ्या भाऊजी. त्यांच्या नावावर काही उलटंपालटं राहू देऊ नका." मी तसं पगाराच्या विभागाला कळवलं आणि त्या रात्री जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी ते कानावर जाताच देवरावजी पुढच्या जिन्यानं वर आले. भर अकराच्या सुमाराला, सगळ्यांच्या देखत. थेट साहेबांच्या खोलीत गेले. मलाही बोलावणं आलं. आत गेलो तर ते सुतळीचा गुंडा सोडून पुन्हा गुंडाळत होते. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं राहिली होती. परीक्षेच्या वेळी उमेदवाराला लपवून ठेवलं, असं म्हणून चौकशी लागली असती तर काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"तो ड्युटीवर होता साहेब," ते म्हणाले. "पैसे कापू नका."

"रेकॉर्ड रूममध्ये? त्याचं तिथे काय काम?"

"गठ्ठे लावून राहिला होता."

"कोणाच्या हुकमानं?"

देवरावजींनी माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. "माह्या," ते म्हणाले.

सगळ्या नोकरीत त्या माणसानं कोणाला एक हुकूम दिलेला मला आठवत नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुमचं काय म्हणणं? मी म्हणालो, "माझ्या म्हणण्याचा प्रश्न नाही. रॅक लागले असतील तर काम झालं आहे. प्रत्यक्ष पडताळणी करावी."

आम्ही तिघे खाली गेलो. तीन रॅक, वरपासून खालपर्यंत, सालवारीनं. प्रत्येक गठ्ठ्यावर तुझ्या अक्षरात साल आणि विषय, आणि प्रत्येक गाठ एका बाजूला. साहेबांनी हात लावून एक गठ्ठा काढला, उघडला, परत ठेवला. हुकमाबद्दल काही बोलले नाहीत. वर जाताना त्यांनी देवरावजींना जिन्यात पुढे जाऊ दिलं.

माझी मुलगी सुनंदा पुढच्या महिन्यात दहावीच्या परीक्षेला बसतेय. ती पुस्तक घेऊन बसली की मी त्या खोलीत थांबू शकत नाही. परवा तिनंच मला बाहेर जाऊन फिरून यायला सांगितलं. मी फिरून आलो. तू असतास तर तुझ्याकडे आलो असतो.

शुक्रवार, तेवीस फेब्रुवारी. जानेवारीच्या एकोणीस दिवसांचा पगार, काहीही न कापता, चारशे एक्केचाळीस रुपये एकोणतीस पैसे, रोखपालाच्या खिडकीवर कमलवहिनींना दिले. त्यांनी दोनदा मोजले आणि सही केली. साक्षीदार म्हणून खाली सही देवरावजींनी केली.